हीच ती गाडी कशावरून?

१९९० च्या उन्हाळ्यात लंडनच्या उच्च न्यायालयात एका मोटारीचा खटला चालला. गाडी चोरीची नव्हती. मालक कोण याबद्दलही वाद नव्हता. न्यायमूर्तींपुढचा प्रश्न ऐकायला अगदी साधा होता: विकायला काढलेली ही बेंटली म्हणजे साठ वर्षांपूर्वी फ्रान्समधली ल मांची मोटारशर्यत लागोपाठ दोनदा जिंकलेली तीच बेंटली आहे का?

व्यवहार सुमारे १ कोटी पौंडांचा होता. काही रक्कम रोख, बाकीची इतर गाड्यांच्या रूपात. ७ एप्रिल १९९० ला सौदा ठरला आणि मग घेणाऱ्या कंपनीने पाय मागे घेतला. तिचं म्हणणं असं की आम्ही ‘ओल्ड नंबर वन’ नावाची जगप्रसिद्ध गाडी विकत घेत होतो, आणि ही ती नव्हेच, कारण त्या गाडीचं हिच्यात जवळजवळ काहीच उरलेलं नाही. विकणारे ठामपणे म्हणत होते, हीच ती. ‘हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटार’ या नावाने हा खटला ओळखला जातो. जुन्या गाड्यांच्या जगात तो आजही पुन्हापुन्हा निघतो.

‘सगळं ओरिजिनल आहे, कंपनीचं आहे’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात आपण उठताबसता ऐकतो. या शब्दाने नेमकं काय सांगितलं जातं, काय झाकलं जातं, आणि गाडीची ओळख पत्र्यात असते, नंबरात असते की कागदात, हे समजून घ्यायला या एका बेंटलीचा जन्मापासूनचा इतिहास पुरेसा आहे. म्हणून तो जरा निवांतपणे सांगतो.

बेंटली मोटर्स ही कंपनी डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ साली काढली. कारखाना उत्तर लंडनमध्ये, क्रिकलवुडला. गाड्या दणकट, वेगवान आणि भारी किमतीच्या. कंपनीची तिजोरी मात्र कायम ओढगस्तीची. १९२६ साली वूल्फ बार्नाटो या तरुणाने तिच्यात पैसा घातला आणि तो कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच्या वडिलांनी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या हिऱ्यांवर अफाट संपत्ती कमावली होती. हा मुलगा नुसता पैसेवाला नव्हता, स्वतः उत्तम चालक होता. ल मांच्या शर्यतीत तो १९२८, १९२९ आणि १९३० असा तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला.

यातल्या शेवटच्या दोन विजयांची गाडी म्हणजे आपली नायिका. मॉडेलचं नाव स्पीड सिक्स. सहा सिलेंडर, ६,५९७ सीसीचं इंजिन, प्रत्येक सिलेंडरला चार व्हॉल्व्ह. आज एखाद्या छोट्या मोटारीचं इंजिन १,००० ते १,२०० सीसीचं असतं, त्यावरून अंदाज यावा. १९२८ ते १९३० या काळात स्पीड सिक्स फक्त १८२ बनल्या. बहुतेक ग्राहक धनाढ्य होते आणि त्यावर ऐसपैस, आलिशान बॉडी चढवून घेत. कारखान्याने मोजक्या गाड्या शर्यतीसाठी राखून ठेवल्या. त्यांतल्या एकीचा चासी नंबर एलबी २३३२ आणि नोंदणी क्रमांक एमटी ३४६४.

ल मां हे फ्रान्समधलं शहर. तिथली शर्यत २४ तासांची. दोन चालक आळीपाळीने बसतात, गाडीला मात्र विसावा नाही. १९२९ साली बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी या गाडीतून २,८४३ किलोमीटर अंतर कापून शर्यत जिंकली. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक बेंटलीच्याच गाड्यांनी पटकावले. १९३० साली बार्नाटोबरोबर ग्लेन किडस्टन होता. जर्मनीच्या काराचिओलाची मर्सिडीज सुरुवातीला तोडीस तोड लढली, पण तिला शर्यत सोडावी लागली. बार्नाटो आणि किडस्टन यांनी २,९३० किलोमीटर पार करून पुन्हा पहिला क्रमांक मिळवला. एकाच गाडीने ल मां दोनदा जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

‘एकाच गाडीने’ या दोन शब्दांवर जरा थांबायला हवं. सगळा खटला पुढे याच दोन शब्दांवर उभा राहिला.

आज शोरूममधून गाडी येते ती संपूर्ण येते. त्या काळी भारी गाड्यांचं तसं नव्हतं. कारखाना बनवायचा तो चालता सांगाडा: दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, चाकं, स्टीअरिंग. यालाच चासी म्हणायचं. बॉडी बनवणारे कारागीर वेगळे. ग्राहक चासी घेऊन त्यांच्याकडे जायचा आणि शिंप्याकडे कापड द्यावं तशी मापाची बॉडी करून घ्यायचा. हौस बदलली, फॅशन बदलली की तीच चासी ठेवून वरची बॉडी बदलायची, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. म्हणून त्या काळच्या गाडीची कायद्याच्या दृष्टीने ओळख म्हणजे चासीवर ठोकलेला नंबर. बॉडी म्हणजे कपडे.

शर्यतीच्या गाड्यांचं आयुष्य आणखीच वेगळं. २४ तास पूर्ण दाबून पळवलेली गाडी परत आली की कारखान्यात ती अक्षरशः खोलून मांडली जायची. झिजलेला, तडा गेलेला, शंका आलेला प्रत्येक भाग काढून नवा बसवायचा. पुढच्या हंगामासाठी सुधारलेला भाग आला की तोही बसवायचा. जिंकायचं होतं, वस्तुसंग्रहालय उभं करायचं नव्हतं. काढलेला भाग कुठे गेला हे लिहून ठेवायची गरज कुणाला वाटणार? त्या मेकॅनिक मंडळींच्या मनात ‘ही आपली पहिल्या नंबरची गाडी’ एवढं पक्कं होतं, आणि ते पुरेसं होतं.

त्यामुळे १९३० साली जिंकलेल्या गाडीत १९२९ च्या गाडीचा फार थोडा भाग असणार, हे ओघाने आलंच. तरीही त्या दिवशी ल मांला कुणी विचारलं नाही की ही गेल्या वर्षीचीच का. सगळ्यांना ठाऊक होतं.

१९३० च्या विजयानंतर बेंटली कंपनीने शर्यतींमधून अंग काढून घेतलं. १९३१ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि वर्ष संपता संपता ती रोल्स-रॉईसकडे गेली. कारखाना गेला, गाडी मात्र थांबली नाही. इंग्लंडमध्ये वेब्रिजजवळ ब्रुकलंड्स नावाचं काँक्रीटचं लंबगोल मैदान होतं, वळणांवर भिंतीसारखं उंच चढत गेलेलं. तिथे १९३१ साली ५०० मैलांची शर्यत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी याच गाडीतून जिंकली.

पुढच्या वर्षी तिला आणखी ताकद द्यायचं ठरलं. जुनं साडेसहा लिटरचं इंजिन उतरवून बेंटलीचं ८ लिटरचं अवाढव्य इंजिन बसवलं गेलं. चासीचा सांगाडाही बदलला. २४ सप्टेंबर १९३२ ला, त्याच ५०० मैलांच्या शर्यतीत, जॅकचा भाऊ क्लाइव्ह डनफी चालवत होता. उंच वळणावर गाडी कडेच्या वर चढली आणि मैदानाबाहेर फेकली गेली. क्लाइव्ह जागीच गेला. त्याची पत्नी, अभिनेत्री जेन बॅक्स्टर, ती शर्यत पाहायला आलेली होती.

या गाडीबद्दल मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा इथे माझं मन अडकतं. किमतीच्या, नंबरांच्या, ‘ओरिजिनल’च्या चर्चेत ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. पण गाडीचा इतिहास म्हणजे नुसते करंडक नव्हेत, त्या वळणावर गेलेला तो तरुणही त्यात आहे.

अपघातानंतर गाडी भंगारात गेली असती तर प्रश्नच मिटला होता. बार्नाटोने ती जाऊ दिली नाही. त्याने तिची पुन्हा बांधणी करून घेतली, या वेळी शर्यतीसाठी नव्हे तर रस्त्यावर वापरायला, बंद छताची दोन दारी कूपे म्हणून. मग ती त्याच्या हातून गेली, एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. मधल्या काळात कूपेची बॉडीही गेली. शेवटी तिला १९३० च्या ल मांच्या गाडीसारखी उघडी, चार आसनांची बॉडी चढवण्यात आली. म्हणजे पाहणाऱ्याला ती शर्यत जिंकलेल्या दिवशीसारखी दिसू लागली, पण ते रूप नव्याने घडवलेलं होतं. १९९० साली विकायला निघाली ती या रूपात.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या गाड्यांच्या किमती वेड्यासारख्या वर चालल्या होत्या. नोव्हेंबर १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका बुगाटी रोयालचा ५५ लाख पौंडांना लिलाव झाला आणि सगळ्यांचे डोळे विस्फारले. गुंतवणूक म्हणून गाड्या घेणारे बाजारात उतरले. हौशी माणूस गाडीखाली शिरून पाहतो. गुंतवणूकदार कागद मागतो. ‘ही तीच का’ या प्रश्नाला तोवर मोल फक्त भावनेचं होतं, आता त्यावर लाखो पौंड टांगलेले होते.

खटला न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे चालला. तज्ज्ञ आले, जुनी छायाचित्रं आली, मोजमापं झाली. गाडीचा एकेक भाग कोणत्या साली तिच्यात आला असेल याचा हिशेब मांडला गेला. त्या हिशेबाचा निष्कर्ष वाचताना अंगावर काटा येतो. १९२९ साली जिंकलेल्या गाडीचं, काळ ठरवता न येणारे किरकोळ भाग सोडले तर, काहीही उरलेलं नव्हतं. १९३० च्या विजेत्या गाडीचे बहुधा तीन भाग उरले होते: पेडलचा आडवा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टीअरिंगचा दांडा. १९३२ च्या, म्हणजे अपघाताच्या वेळच्या गाडीचं मात्र बरंच काही शाबूत होतं. चासीचा सांगाडा, स्प्रिंग आणि त्यांच्या पकडी, पुढचा ॲक्सल, मागच्या ॲक्सलचं कवच, मागचे ब्रेक, पुढचे शॉक ॲब्सॉर्बर, ८ लिटरचं इंजिन आणि डॅशबोर्डवरची काही घड्याळं.

त्या तीन भागांकडे पुन्हा बघा. ल मांच्या रात्री, पाऊणशे किलोमीटर वेगालाही जीव मुठीत धरावा अशा तेव्हाच्या रस्त्यावर, त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने जाताना ज्या दांड्याला बार्नाटोच्या पायाचा दाब कळला, तो दांडा आहे. त्याच्या हातांची प्रत्येक हालचाल चाकांपर्यंत नेणारा स्टीअरिंगचा दांडाही आहे. वजनात मोजलं तर किरकोळ. पण चालकाचा पाय आणि चालकाचे हात जिथे गाडीला भिडतात, नेमकं तेच शिल्लक राहिलं.

आता न्यायालयाने काय ठरवायचं? तज्ज्ञांनी मांडलेल्या पायऱ्या समजून घेतल्या की निकाल सोपा वाटतो. सर्वांत वर ‘ओरिजिनल’: कारखान्यातून ज्या भागांसह बाहेर पडली त्याच भागांची गाडी, फक्त टायर, प्लग, ब्रेकचं अस्तर असं झिजणारं सामान बदललेलं. मग ‘जेन्युइन’: मुख्य भाग मूळचे किंवा त्याच जातीचे, आणि इतिहास सलग. मग ‘ऑथेंटिक’: भाग पुष्कळ बदलले असतील, पण गाडी म्हणून ती कधीही नाहीशी झाली नाही, भंगारात गेली नाही, तिची ओळख मधे तुटली नाही. त्याखाली वेगळीच जात सुरू होते. गाडी एकदा संपलेली, आणि नंतर कुणी सापडलेल्या तुकड्यांवरून पुन्हा उभी केलेली. आणि अगदी तळाला प्रतिकृती, म्हणजे रेप्लिका. दिसते तशी, पण त्या गाडीचं तिच्यात काहीच नाही.

न्यायमूर्ती म्हणाले, ही गाडी ‘ओरिजिनल’ म्हणता येणार नाही. पण ती ‘ऑथेंटिक’ ओल्ड नंबर वन आहे. त्यांनी दिलेलं कारण मला फार मोलाचं वाटतं. नवे भाग तिच्यात एकदम आले नाहीत. ते हळूहळू, हंगामामागून हंगाम, चालत्या गाडीत मिसळत गेले. प्रत्येक टप्प्यावर ती आधी जी होती तीच राहिली. शिवाय जगात दुसरी कोणतीही बेंटली, असलेली किंवा नष्ट झालेली, ‘मी ओल्ड नंबर वन’ असा दावा करू शकत नव्हती. आणि ७ एप्रिलला जे विकायला ठेवलं होतं ते नुसतं धातू नव्हतं. तिचा इतिहास आणि तिचा लौकिकही विकायला होता. निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला.

हे तत्त्व आपल्याला घरातून ठाऊक आहे. मिरजेहून आणलेला आजीचा तंबोरा घ्या. तारा तर किती वेळा बदलल्या असतील. खुंट्या झिजल्या, नव्या घातल्या. घोडी बदलली. तबलीला तडा गेला म्हणून कारागिराने नवी बसवली. भोपळा आणि दांडी तेवढी जुनी. पुढे एखाद्या दिवशी प्रवासात भोपळाही फुटेल आणि बदलावा लागेल. तरी घरात तो आजीचाच तंबोरा, आणि असं म्हणणाऱ्याला कुणी खोटं ठरवत नाही, कारण तो कधी कोपऱ्यातून हलला आणि कधी मिरजेला गेला हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण आजीच्या तंबोऱ्याची एक खुंटी सापडली म्हणून तिच्याभोवती नवा तंबोरा केला, तर तो आजीचा होत नाही. ‘सलग’ या शब्दाचा अर्थ हाच.

माझ्या मते निकाल बरोबर होता. तरी एक गोष्ट मला खटकते, ती न्यायालयाबद्दल नाही, जीर्णोद्धाराच्या पद्धतीबद्दल आहे. १९३२ नंतरची कूपे ही सुद्धा या गाडीची खरी अवस्था होती. अपघातानंतर बार्नाटोने स्वतः करून घेतलेलं ते रूप होतं. विजयाचं रूप परत आणण्यासाठी अशी मधली पानं फाडायची का? आज विचारी जीर्णोद्धारक इथे दहादा थांबतात.

इमारतींच्या बाबतीत हा विचार आधी झाला. १९६४ साली व्हेनिसमध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाची एक सनद तयार झाली. तिचा गाभा असा की वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी केलेले संस्कार हे सगळे तिचा भाग आहेत. एकच काळ निवडून बाकीचे पुसून टाकणं ही सहज करण्याची गोष्ट नव्हे. पुढे जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने याच धर्तीवर ट्यूरिनची सनद काढली. तिच्यातला एक आग्रह प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावावा असा आहे: बदललेल्या भागावर पुसली न जाणारी खूण करा, म्हणजे उद्या पाहणाऱ्याला जुनं काय आणि नवं काय ते कळेल. नवा भाग जुन्यासारखा दिसावा म्हणून त्याला मुद्दाम गंज चढवणं, घासून जुना करणं, जुना नंबर नव्या लोखंडावर ठोकणं, हे सगळं याच्या नेमकं उलट आहे. काम कितीही सुबक असलं तरी मी त्याला फसवणूकच म्हणेन.

जतन आणि जीर्णोद्धार यांतला फरकही इथेच सांगतो, कारण बोलताना आपण दोन्हींना ‘रिस्टोर केली’ एवढंच म्हणतो. जतन म्हणजे आहे ते टिकवणं. रंग उडालाय, चामड्याला भेगा आहेत, पण ते मूळचं आहे, तर ते स्वच्छ करायचं, गंज थांबवायचा आणि हात आखडता घ्यायचा. जीर्णोद्धार म्हणजे गेलेलं परत आणणं, आणि त्यासाठी कुठल्या सालचं रूप आणायचं हे आधी ठरवावं लागतं. रंग खरवडला की तो परत मिळत नाही. गाडी पुन्हा रंगवता येते, पण मूळचा रंग तिच्यावर फक्त एकदाच असू शकतो. चकचकीत गाड्यांच्या मेळाव्यात भेगाळलेल्या सीटची एखादी गाडी कोपऱ्यात उभी असते, आणि जाणकारांची गर्दी तिच्याभोवती असते, ती यामुळे.

आता कागदांची ताकद किती असते ते बार्नाटोच्याच दुसऱ्या गाडीवरून पाहू. मार्च १९३० मध्ये त्याने पैज लावली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून उत्तरेच्या कॅले बंदराला जाणारी ‘ब्लू ट्रेन’ ही नामांकित आगगाडी. दक्षिणेच्या कान शहरातून ती सुटताना आपणही स्पीड सिक्समधून निघायचं आणि ती कॅलेला पोहोचण्याआधी आपण लंडनला पोहोचायचं. रात्र, पाऊस, धुकं, मधे खाडी ओलांडायची बोट. तो जिंकला. आगगाडी कॅलेला लागली तेव्हा तो लंडनमधल्या आपल्या क्लबात होता.

पुढे अनेक वर्षं सगळ्यांच्या मनात ‘ब्लू ट्रेन बेंटली’ म्हणून एकच गाडी ठसली: गर्नी नटिंग या कारागिरांनी बनवलेली, मागे उतरत्या छताची, तीन आसनांची देखणी कूपे. ती बार्नाटोचीच होती, यात शंका नाही. आगगाडीशी शर्यत लावणाऱ्या त्या गाडीचं चित्रही प्रसिद्ध झालं. पण नोंदी तपासल्यावर दिसलं की ही कूपे त्याच्या ताब्यात आली ती शर्यत होऊन गेल्यानंतर, मे महिन्यात. शर्यत धावली ती एच. जे. मुलिनर यांनी बॉडी केलेली साधी, चौकोनी ‘सलून’, म्हणजे सेडान गाडी. देखण्या गाडीला देखणी गोष्ट शोभली म्हणून ती तिला चिकटली. एका तारखेने ती सोडवली.

गाडीची वंशावळ म्हणजे हेच: कारखान्याची वही, पहिल्या नोंदणीची तारीख, प्रत्येक मालकाचं नाव, गॅरेजची बिलं, तारखेसह छायाचित्रं. साखळीचा एखादा दुवा नसेल तर तिथे नवी गोष्ट शिरायला जागा होते. आणि जिथे कोट्यवधींचा प्रश्न असतो तिथे ती शिरतेच. एकाच नंबरावर दोन गाड्या दावा सांगतात, एकीत जुनी चासी आणि दुसरीत जुनं इंजिन, असे प्रकार जुन्या नामांकित गाड्यांत घडलेले आहेत.

आपल्याकडेही हा प्रश्न आता कायद्यात आला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम राहतो, नव्याने नोंदवायच्या गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरं असलेली मालिका मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यासाठीच. आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

ही अट चांगल्या हेतूने घातलेली आहे. जीपचे तुकडे जोडून केलेल्या ‘विंटेज’ गाड्या आपण लग्नांच्या वरातीत पाहिल्या आहेत. पण चासी, बॉडी आणि इंजिन तिन्ही बदललेली ओल्ड नंबर वन या चाळणीतून आली असती का, हा विचार मनात येतोच. आणि आपल्याकडच्या जुन्या गाड्या तर ज्या दिवसांत सुटे भाग मिळत नव्हते त्या दिवसांतून आलेल्या आहेत. कुणी फियाटला दुसऱ्या फियाटचं इंजिन बसवलं, कुणी ॲम्बॅसिडरमध्ये डिझेल इंजिन घातलं, कारण गाडी चालायला हवी होती. तो फेरफार कुठल्या साली झाला, का झाला, आरटीओच्या पुस्तकात चढला की नाही, हे ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्या गाड्यांचा इतिहास आज वाचता येतो.

आमच्या घरी १९६७ ची फियाट आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअरचा दांडा स्टीअरिंगला असलेली. बाबांनी ती तिसऱ्या हाताने घेतली होती. तिच्यासोबत दोन वस्तू आल्या होत्या. एक म्हणजे कडा झिजलेलं आरसी बुक, ज्यात इंजिन बदलल्याची नोंद, नवा नंबर, तारीख आणि जांभळा शिक्का आहे. दुसरी वस्तू मोडक्या बिजागरीचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा. आधीच्या मालकांनी त्यात काढलेले भाग ठेवले होते, प्रत्येक भाग वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बाबांनी तो शिरस्ता पुढे चालवला. मागच्या महिन्यात मेकॅनिकने पेट्रोलपंप बदलला. जुना मी रॉकेलने पुसला, कागदात गुंडाळला, वर तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि डब्यात जागा करायला १९८१ ची तारीख असलेला एक कार्बोरेटर जरा बाजूला सरकवला.